दिलीपच्या गाडीचं ॲव्हरेज

मंगळवार, संध्याकाळ

माझ्या चुलतभावाची, दिलीपची गाडी लिटरला माझ्यापेक्षा दहा किलोमीटर जास्त देते. एकाच दिवशी घेतलेल्या सारख्याच मोटारसायकली, तरी दहा! आज डेअरीवर चारचौघांत मलाच शिकवतो, "दादा, ट्रॅक्टरचं उरलेलं ऑइल नको ओतू गाडीत. लय जाड हाय ते. निफाडच्या थंडीत काकवीवानी होतं, ते ढवळण्यातच पेट्रोल जातं."

तो रोज ओझरला जातो, त्याचं इंजिन चांगलं तापतं. माझा मळा इंजिन तापायच्या आतच येतो. पण म्हणून दहा? पोटात दुखतंय, कबूल.

घरी येऊन गाडीचं पुस्तक उघडलं. पातळच ऑइल लिहिलंय. उद्या गुपचूप नाशिकहून आणतो. ट्रॅक्टरच्या ऑइलचा डबा मात्र गाडीशेजारीच ठेवीन, दिलीपला दिसेल असा.