बंद बराखी

अप्पा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी घरात हुकूम तुमचाच चालतो, म्हणून लिहितेय.

तुमची ती कांदा साठवायची बराखी आठवते? आपल्या शिनोलीत सगळे अधूनमधून आतला कांदा उपसायचे, नासका बाजूला काढायचे. तुम्ही मात्र कुणाला हात लावू द्यायचा नाहीत. नासका बाहेर टाकला तर लोक बघतील ना! वास सुटला, खालून काळं पाणी गळायला लागलं, तरी तुम्ही ओट्यावर बसून पावण्यांना सांगताय, "आमच्यात कांदा नासतच न्हाई." आई म्हणाली, "अवो, निदान कडंचा तरी निवडू द्या," तर तिच्यावरच खेकसलात, "लई शानी झालीस का?" अख्खी बराखी गेली. वा रे तुमची अब्रू!

मी आता घोडेगावात बारावीला जीवशास्त्र शिकवते. पेशीत प्रोटीनं सतत बनत असतात. काही वाकडीतिकडी बनतात, काहींचं काम संपतं. पेशीला त्याची लाज वाटत नाही. नको असलेल्या प्रोटीनला ती दुसरं एक छोटंसं प्रोटीन खूण म्हणून चिकटवते. खूण दिसली की पिंपासारखं एक यंत्र त्याला आत ओढतं आणि बारीक तुकडे करतं. त्या तुकड्यांतून पुन्हा नवं घडतं. नुसत्या डोळ्यांना दिसतही नाही ती पेशी, पण तिला तुमच्यापेक्षा अक्कल जास्त. हा धडा आला की दर वर्षी तुम्ही आठवता, आणि आदरानं नाही.

आता आईचा हात थरथरतो. मेंदूतल्या काही पेशींना बिघडलेलं प्रोटीन मोडता येईनासं झालं, त्याच्या गुठळ्या आत साचत गेल्या, पेशी मरायला लागल्या, की असं होतं. पण दादा तुमचाच लेक! म्हणतो, "माझ्या पोरीचं लग्न जमवायचंय. पावणं काय म्हनतील? दवाखान्याचं नाव काढू नको." कुणी आलं की आईनं हात पदराखाली घ्यायचा, त्यांच्यासमोर चहाही प्यायचा नाही. परवा ती हळूच म्हणाली, "सोताच्या हातानं कप धरून प्यावा वाटतो गं." असा संताप आला मला! भिंतीवर हारात बसलेल्या तुमच्याकडं बघून मी मोठ्यानं म्हणाले, "मेलात तरी सुटका नाही."

दुसऱ्या दिवशी दादा शेतावर गेल्यावर मी तिला मंचरला मेंदूच्या डॉक्टरांकडं नेलं. गोळ्यांनी थरथर कमी होईल, पण मेलेल्या पेशी परत यायच्या नाहीत, म्हणाले. आधी का नाही आणलंत, असंही विचारलं. आईनं हात पदराखाली घेतला.

हे पत्र तुमच्या फोटोसमोर वाचून दाखवायचं ठरवलं होतं. आता नाही वाचणार. मंचरला निघालो तेव्हा एसटीच्या थांब्यावर शेजारच्या काकूंनी विचारलं, "कुठं निघाल्या मायलेकी?" आईनं माझ्याकडं बघितलं. आणि मी, जीवशास्त्राची बाई, लगेच हसून म्हणाले, "ओझरला, गणपतीला."