कॉलरच्या आतला खेकडा

बाई,

सोमवारी प्रार्थनेच्या आधी आम्ही आश्रमशाळेच्या व्हरांड्यात रांगेत उभ्या असायचो, आणि तुम्ही मागून येऊन एकेकीच्या मानेशी बोट घालून कॉलर उलटी करून बघायचात. बोट थंडगार असायचं. सगळ्या पोरींचे गणवेश एकाच टाकीवर धुतले जायचे, एकाच तारेवर वाळायचे, आणि कोणाचा कोणता यावरून रोज झिंज्या उपटणं चालायचं. वरून सांगणं होतं की शाईनं नंबर टाका. तुम्ही टाकले नाहीत. आम्हाला तेव्हा ना नाव वाचता येत होतं ना नंबर, म्हणून तुम्ही प्रत्येकीला विचारलंत, "तुझी खूण काय?" आणि जी जे म्हणाली ते रंगीत दोऱ्यानं तिच्या कॉलरच्या आतल्या बाजूला भरून दिलंत. स्वयंपाकघराच्या दारात, पालथ्या घमेल्यावर बसून, आत भात रटरटत असताना. कोणी मोहाचं फूल मागितलं, कोणी मासा, एकीनं तर जीप मागितली आणि तुम्ही ती चाकांसकट भरलीत. मी खेकडा म्हटलं. त्या दिवशी मला भूक लागली होती, एवढंच त्याचं कारण. बाहेरच्या बाजूला, सगळ्यांना दिसेल अशी का नाही भरत, असं मी विचारलं तेव्हा तुम्ही दाताने दोरा तोडत म्हणालात, "बाहेर काढली तर ती दुसऱ्यांसाठी होईल. ही तुझं तुला परत सापडावं म्हणून आहे."

हे आज लिहायला घेतलं, कारण माझं आता जव्हारला, डेपोच्या मागच्या गल्लीत, टी-शर्ट छापून द्यायचं दुकान आहे. तुम्ही हसाल. जिला शिवणाच्या तासाला सुईत दोरा ओवता येत नव्हता, ती कपड्याच्या धंद्यात. भिवंडीच्या गोदामात सहा वर्षं खोकी भरली, तिथेच शेजारच्या बाईकडून गरम दाबून चित्र उठवायचं मशीन चालवायला शिकले, आणि आई वांगणीला, आमच्या गावी, एकटी पडली म्हणून तसलंच एक मशीन घेऊन परत आले, आईला इथे आणलं. मनाशी ठरवलं होतं, होळीपर्यंत दुकान चाललं तर राहायचं, नाही तर मशीन विकून पुन्हा गोदाम, आणि आई पुन्हा एकटी. आणि ते काही केल्या चालेना. डेपोसमोर बॅनर लावला, तो वाऱ्यानं फाटून कोणाच्या तरी गोठ्यावर गेला. बाजाराच्या दिवशी कागद वाटले, त्यात लोकांनी सुकट बांधून नेली. मोबाईलवर रोज सकाळी स्टेटस ठेवायचे, ते माझ्या मावशीशिवाय कोणी बघायचं नाही. शेवटी मी माझ्या मते फार हुशारी केली. जामसरकडच्या एका पाड्याच्या क्रिकेट टीमला टी-शर्ट फुकट दिले. छातीवर पाड्याचं नाव बेताचं, आणि पाठीवर माझ्या दुकानाचं नाव आणि फोन नंबर, लांबून वाचता येईल एवढा.

मॅच दिवाळीच्या सुट्टीत होती, भात कापून मोकळ्या झालेल्या खाचरात. माझी जाहिरात कशी धावते ते बघायला मी मुद्दाम गेले. टीम उतरली आणि माझे डोळे पांढरे झाले. अकराच्या अकरा जणांनी टी-शर्ट उलटे घातले होते, शिवणी बाहेर आणि छपाई आत. लोक हसत होते. मीही हसल्यासारखं केलं. मध्ये खेळ थांबला तेव्हा त्यांचा कप्तान माझ्याजवळ आला, मान खाली घालून म्हणाला, "ताई, राग नको मानू. पाठीवर सगळं तुझंच नाव, आमच्या पाड्याचं बारीक. लोकां बोलतात, यांना इकत घेतलं." मी त्याला चांगलं सुनावणार होते. तेवढ्यात तो कळशीतलं पाणी घ्यायला वाकला आणि उलट्या टी-शर्टाचा गळा माझ्या डोळ्यांसमोर आला. मानेशी, बरोबर जिथे तुम्ही बोट घालायचात तिथे, आतली बाजू बाहेर आलेली होती आणि तिथे काहीच नव्हतं. बाई, इतक्या वर्षांत तुमची आठवण अशी कधी आली नव्हती. मी बांधावर बसले ती मॅच संपेपर्यंत उठले नाही.

मॅच संपल्यावर मी त्यांना म्हटलं, पाठ मोकळी ठेवून नवे छापून देते, फक्त एकेकानं मला आपली खूण सांगायची, ती गळ्याच्या आत घालीन, दुसऱ्या कोणाला दिसणार नाही. आधी सगळे खिदळले. मग एकेक जण पुढे आला. एकानं कोयता सांगितला. एकानं बहिणीनं लावलेलं काजूचं झाड, आणि कुठल्या फांदीला मोहोर आधी येतो तेही सांगितलं. कप्तानानं दोन दिवस घेतले आणि फोन करून म्हणाला, "आईचं पाखडायचं सूप घाल. का ते इचारू नको." मी नाही विचारलं. तुम्ही तरी कुठे विचारायचात?

आठवड्यानं त्या टीममधल्या एकाची वहिनी आली, आमच्या वांगणीचीच. घरदार वीटभट्टीवर निघालं होतं. साडीवर नवऱ्याचा जुना शर्ट घातलेला, कामाला जाणाऱ्या बाया घालतात तसा, आणि हातात दीरानं मिरवून दाखवलेला टी-शर्ट. म्हणाली, "असं पाच जणांना कर. माना सोताला, यांना, तीन पोरांना. सगळ्यांना एकच खूण." मी विचारलं, कोणती? "दारातला उंबर." पाठीवर काही छापू का म्हटलं तर तिनं मान हलवली. "बाहेर नको. बाहेर घातला तं कोन पन वळखील. आत घाल. बाजारात बारकी हरवली तं गळा उलटून दाखवंल, आमी आमचा दाखवू." मी कागदावर उंबर काढत होते आणि हात थांबला. ही बाई शाळेची पायरी चढलेली नव्हती, तुम्हाला तिनं कधी पाहिलं नव्हतं, आणि घमेल्यावर बसून तुम्ही जे म्हणाला होतात तेच ती मला सांगत होती. ती म्हणाली, "पान मोठं काढ, बारकीला दिसलं पायजे." मी पान मोठं काढलं.

त्यानंतर मला बॅनर लावावा लागला नाही. भट्टीवरून निरोप आले, रेतीवर जाणाऱ्या टोळ्यांकडून आले, मोखाड्याहून एक अख्खी वरात आली. म्हातारी माणसं येऊन स्टुलावर बसतात, खूण सांगायला अर्धा अर्धा तास लावतात, आणि मी ऐकत राहते. माणसाच्या मनात एवढ्याशा जागेत घालण्याजोगं काय काय असतं, याचा मला अजून अचंबा वाटतो. होळी आली आणि मशीन विकायचं राहूनच गेलं. आई आता दुकानात बसून घड्या घालते आणि गिऱ्हाइकांना माझ्याआधीच विचारते, "तुझी खूण काय रं?"

आता ज्याच्यासाठी हे पत्र आहे ते लिहिते. तुम्हाला तो मासा आठवत असेल. माझा शर्ट ओहोळात खेकडे धरताना काट्याला अडकून कॉलरपाशीच, खुणेसकट फाटला होता, आणि शेजारच्या खाटेवरच्या मुलीचा नवाकोरा होता. मी दुपारी तिच्या कॉलरमधला मासा ब्लेडनं उसवला आणि शर्ट माझा म्हणून घातला. सोमवारी तुम्ही माझ्या मानेशी बोट घातलंत. दोरा नव्हता, पण सुईची भोकं तशीच होती, डोक्यापासून शेपटीपर्यंत. तुम्ही रांगेत काही बोलला नाहीत. नंतर स्वयंपाकघरात बोलावून हळूच म्हणालात, "दोरा निघतो गं, भोकं राहतात. मी सांगणार नाही. तुझी तू सांग." तीन दिवस मी तो शर्ट घालून हिंडले, आणि तीन दिवस तुम्ही मला रोजच्यासारखंच वाढलंत. चौथ्या दिवशी मी त्या मुलीला सांगितलं. तुम्ही माझ्या फाटक्या शर्टाला ठिगळ लावलंत आणि सुई माझ्या हातात देऊन म्हणालात, "आता खेकडा तुझा तू भर." मी भरला. त्याला पाच पाय झाले.

गेल्या होळीला कॉलेजची एक मुलगी दुकानात आली. ती जव्हारवर व्हिडिओ करते. तिनं मोबाईल धरला आणि विचारलं, "ताई, गळ्याच्या आत खूण घालायची ही आयडिया कुठून आली?" तुमचं नाव जिभेवर होतं, बाई. आणि मी म्हणाले, "सुचली मला अशीच." आयत्या बिळावर नागोबा. तो व्हिडिओ कुठच्या कुठे गेला. नाशिकहून फोन येतात, ठाण्याहून येतात, लोक म्हणतात काय डोकं आहे तुमचं, आणि मी हो म्हणते. तुम्ही गेलात हे मला भिवंडीत महिन्यानं कळलं होतं, तेव्हाही मी आले नाही. परवा वाटलं, एक टी-शर्ट तुमच्यासाठी छापून दुकानात टांगावा. तेव्हा लक्षात आलं, तुमची स्वतःची खूण काय, हे आमच्यातल्या एकीनंही तुम्हाला कधी विचारलं नव्हतं.

हे पत्र घडी करून मशीनखालच्या खणात ठेवते आहे. ती मुलगी याच गल्लीतून रोज जाते. तिला हाक मारून खरं सांगायला दोन मिनिटं लागतील. शर्टाच्या वेळी मला तीन दिवस लागले होते. या खेपेला दुसरी होळी आली.