अंबाडीची काळी पाने

ब्रॅकनेल
रविवार, ६ सप्टेंबर १९८७
सकाळी ७ वाजून १० मिनिटे

प्रिय अजयदादा,
सा. न. वि. वि.

आत्ता कौन्सिलने भाजीपाल्यासाठी दिलेल्या प्लॉटवर उकिडवा बसून पाने मोजत होतो. वही गुडघ्यावर आहे, अक्षर सांभाळून घे. तू लावलेल्या अंबाडीला काहीतरी झाले आहे. नऊपैकी सहा झाडांची खालची पाने कडेने जांभळी-काळी पडली आहेत. पाने उलटून पाहिली, कीड नाही. ओल्या फडक्याने पुसली, काळे फडक्याला लागत नाही, म्हणजे बुरशी नसावी. चार दिवस पहाटे थर्मामीटर लावतो आहे: सहा, पाच, सात, पाच अंश. शेजारच्या म्हाताऱ्यांचे टोमॅटोही जांभळे पडलेत. बागकामाच्या पुस्तकात लिहिले आहे की थंड मातीतून मुळांना फॉस्फरस ओढता येत नाही, मग जुनी पाने आधी काळवंडतात. मला तेच वाटते, पण खात्री नाही. पुण्यात अंबाडी मी फक्त ताटात पाहिली.

ऑपरेशननंतर सुमनमावशीच्या तोंडाला चव नाही आणि तिने अंबाडीच्या भाजीची आठवण काढली, असे तू म्हणालास. दिवाळीला तिच्या पानात ती पडावी एवढीच इच्छा आहे. एक पान तिला दाखवू का? तिला लगेच कळेल.

लोभ आहेच, तो वाढता ठेव.
तुझा शशिधर

•

मँचेस्टर
१० सप्टेंबर

प्रिय शशी,

तुझं लेटर म्हणजे हॉस्पिटलचा रिपोर्टच! तिथल्या लाँड्रीत चादरी कसल्या धुतोस, डॉक्टर हो. थंडीच असणार, डोंट वरी. पण आईला पान अजिबात दाखवू नकोस. सरप्राइज आहे ना! आणि शेंडे खुडू नकोस. तीन ऑक्टोबरच्या वीकेंडला मी कार घेऊन येतो, सगळं मीच कापून नेतो. म्हातारा विचारेल तर इंडियन स्पिनॅच म्हण.

नवीन ऑफिस बरं आहे, पाऊस मात्र रोज. जेवत जा नीट.

आहे तसाच राहा.
अजय

•

ब्रॅकनेल
रविवार, २० सप्टेंबर, दुपारी ३

प्रिय अजयदादा,
सा. न. वि. वि.

तुझे सांगणे मी मोडले. तीन झाडे आणखी काळवंडली, राहवेना. काल पान रुमालात गुंडाळून स्टॅनमोरला मावशीकडे गेलो. मावशीने ते बोटांत चुरडले, वास घेतला, दाताखाली धरले आणि बेसिनमध्ये थुंकून टाकले. म्हणाली, मेल्या, अंबाडी आंबट असते, हे कुठे आंबट आहे? तिचे ऑपरेशन झालेच नव्हते आणि अंबाडी तिने मागितलीच नव्हती. तिला पित्त होते, बारा वर्षांत तिने ती खाल्लेली नाही.

तिथून लायब्ररीत गेलो. वनस्पतींच्या मोठ्या पुस्तकात चित्र सापडले. हाताच्या पंजासारखी सात पाती, कडा करवतीच्या. गांजा. आजार मी बरोबर ओळखला, दादा, झाड ओळखले नाही.

प्लॉट माझ्या नावावर आहे. नोव्हेंबरात माझी इथे राहण्याची मुदत संपते आणि अर्ज अजून त्यांच्या टेबलावर आहे. पोलीस एकदा जरी आले तरी मला परत पाठवतील. हे तुला ठाऊक होते. तुझीही फसवणूक झाली असेल, कुणी चुकीच्या बिया दिल्या असतील, तर तसे लिही. मी विश्वास ठेवीन.

उत्तराची वाट पाहतो.
शशिधर

•

मँचेस्टर
२३ सप्टेंबर

शशी,

रिलॅक्स. मी काय दुकान नाही काढलं. माझ्यापुरतं आणि दोन-तीन मित्रांपुरतं आहे. तुझ्यासारख्या सरळ माणसावर कोण डाउट घेणार? म्हणून तर तुझ्या प्लॉटवर लावलं. आता दहा दिवस राहिले, तेवढे गप्प राहा. आईला बोललास तर तिची तब्येत बिघडेल आणि ते तुझ्या डोक्यावर. आणि एक विसरू नकोस. तू त्या खोलीत एकटा रडत बसायचास, तेव्हा कौन्सिलला जाऊन प्लॉटसाठी तुझा फॉर्म कुणी भरला?

थोडं समजून घे.
अजय

•

ब्रॅकनेल
रविवार, २७ सप्टेंबर, सकाळी ११

अजयदादा,

नऊही झाडे शुक्रवारी पहाटे उपटली, बारीक तोडली आणि खताच्या ढिगात खोल पुरली. त्याच दिवशी कौन्सिलला प्लॉट सोडल्याचे लिहून दिले. बटाटे अजून जमिनीत होते, ते म्हाताऱ्यांना काढून घ्यायला सांगितले. त्यांनी कारण विचारले. वेळ मिळत नाही म्हणालो. इथे येऊन मी बोललेले हे पहिले खोटे.

काल मावशीला सर्व सांगितले. तिची तब्येत बिघडली नाही. तिने टीव्ही बंद केला, मला दोनदा जेवायला वाढले आणि तू लहानपणी कसा होतास हे सांगत बसली. निघताना म्हणाली, त्याने मला खोटेच आजारी पाडले, तेही अंबाडीसाठी. तुला फोन करणार नाही, तू कर, असा तिचा निरोप आहे.

फॉर्म कुणी भरला हे मी विसरलेलो नाही. फेब्रुवारीची अठरा तारीख, बर्फ पडत होता, तुझे बूट भिजले होते. इथे कुणीतरी आपले आहे, असे मला त्या दिवशी पहिल्यांदा वाटले. बिया तू मे महिन्यात आणल्यास. त्या तुझ्याकडे कधीपासून होत्या? फेब्रुवारीच्या आधी की नंतर? बाकी काही लिहू नकोस, फक्त तारीख लिही.

लोभाचे त्यानंतर पाहू.
शशिधर