पहिल्या अस्गरचा दगड

मार्स्टल, ३ एप्रिल १९६२

चि. अस्गर यास दाग्नीताईचे अनेक आशीर्वाद.

नाताळनंतर तुझी एक ओळ नाही. तुझे हात दगड घडवून थकले असतील, पण पेन काही छिन्नीइतकं जड नसतं. तिथल्या चर्चमधल्या राजांच्या कबरी लोकांना दाखवण्यात गुंतला आहेस म्हणे. अरे, ते आठशे वर्षं तिथेच आहेत, पत्र लिहीपर्यंत पळून जाणार नाहीत!

कामाचं सांगते. चर्चच्या कचेरीतून कागद आला आहे. आपल्या धाकल्याच्या थडग्याची मुदत जूनमध्ये संपते. घरच्या कुणी सही केली तर आणखी वीस वर्षं राहील, नाहीतर दगड उचलून जागा दुसऱ्याला देतील. आजवर मीच सही करत आले. पण मी शहात्तरची, वीस वर्षांची जबाबदारी कुठल्या तोंडाने घेऊ? या खेपेला तू कर. कागद सोबत आहे.

गुडघा सोडला तर माझं बरं चाललं आहे. मायेत अंतर नको.

तुझी,
दाग्नीताई

रिंगस्टेड, ११ एप्रिल १९६२

ती. दाग्नीताईस, शि. सा. न. वि. वि.

कागद सही न करताच परत पाठवतो आहे. रागावू नकोस.

तुला तो धाकला. मला तो कोण? मी जन्मायच्या आधीच घटसर्पाने गेलेला चार वर्षांचा मुलगा, ज्याचं नाव मला लावलं. आपल्याकडे सगळेच असं करत, ठाऊक आहे मला. पण दर रविवारी आई मला तिथे उभं करायची आणि दगडावर माझंच नाव असायचं. वाचायला शिकलो तो पहिला शब्द तोच. मी कायम बदली माणूस राहिलो, ताई. एकोणसत्तर वर्षांचा झालो तरी ते मनातून गेलेलं नाही. माझी बायको एल्सेबे होती तोवर तिच्याशी बोलून मोकळा व्हायचो. ती गेल्यापासून घरात माझं नाव उच्चारणारंही कुणी उरलं नाही.

परवा चर्चमध्ये एका बाईंनी विचारलं की इथे पुरलेल्या या तरुण वाल्डेमार राजाला मुकुट घातला होता, मग त्याच्या नावापुढे पहिला-दुसरा असा क्रमांक का नाही. मी सांगितलं, शिकारीत बाण लागून तो बापाच्या आधी गेला. म्हणून मोजणाऱ्यांनी बहुतेक ठिकाणी त्याला गाळलं. काही पुस्तकांत तो तिसरा, पण सहसा तिसरा म्हणजे पुढचाच कुणीतरी. राजाला गाळतात, तर आपल्या पोराचं काय? जाऊ दे तो दगड.

गुडघ्याला ऊब दे. कृपा असू द्यावी.

तुझा,
अस्गर

मार्स्टल, १८ एप्रिल १९६२

चि. अस्गर यास अनेक आशीर्वाद.

पत्र वाचलं. आता सांगूनच टाकते. तुझं नाव आईने ठेवलं नाही. मी ठेवायला लावलं.

तेव्हा मी सात वर्षांची होते. धाकला गेल्यावरही सवयीने मी त्याला जेवायला हाक मारायची आणि कुणी यायचं नाही. बाबा समुद्रावर, आई भिंतीकडे तोंड करून बसलेली. तू झालास तेव्हा मी अन्न सोडलं, इतकी रडले की आईने तेच नाव दिलं. मला हाक मारायला कुणीतरी हवं होतं रे. आई मात्र वर्षभर तुला नुसतं बाळ म्हणायची. ते नाव तिच्या तोंडून निघेना.

आणि रविवारी तू दगड वाचायचास, म्हणून तुला दिसलं नाही. मी बाजूला असायची. आई दगडाकडे बघतच नव्हती. ती सगळा वेळ तुझ्याकडे बघायची, हात घट्ट धरून.

चूक माझी आहे. तिची शिक्षा त्याला देऊ नकोस. मी गेल्यावर तो होता हे सांगणारा तो दगडच आहे. कागद पुन्हा पाठवते.

तुझी,
ताई

रिंगस्टेड, २ मे १९६२

ती. दाग्नीताईस, शि. सा. न. वि. वि.

सही केली.

आठवड्यातून दोनदा मी लोकांना एक गोष्ट सांगतो आणि स्वतःला कधी सांगितली नाही. पहिला वाल्डेमार जिवंत असताना त्याला कुणी पहिला म्हणत नव्हतं. तो नुसता वाल्डेमार. दुसरा आला, तेव्हा मागे जाऊन लोकांनी त्याला पहिला केलं. दुसरा नसता तर पहिलाही नव्हता.

९ जूनच्या बोटीने येतो, छिन्न्या घेऊन. त्याच्या नावापुढे, राजांच्या असते तशी, पहिल्याची एक उभी रेघ मारायची आहे. बटाटे उकडून ठेव. तुझा खारवलेला हेरिंग मासा मात्र शेजाऱ्यांना दे, आहे तेवढी माया मला पुरे.

तुझा,
अस्गर

मार्स्टल, १७ जून १९६२

चि. अस्गर यास अनेक आशीर्वाद.

तू गेल्यापासून घर खायला उठतं. तुझा कॉफीचा कप अजून विसळला नाही.

काल थडग्यावर जाऊन आले. रेघ सरळ आली आहे. पण खाली पेन्सिलीने स्वतःचं नाव आणि दोन रेघा आखून गेलास ते मला दिसणार नाही असं वाटलं? थुंकी लावून रुमालाने पुसून टाकल्या. मी थोरली आहे, नंबर मोडायचा नाही.

मग आजूबाजूला कुणी नाही असं पाहून मी त्याला हाक मारली. खरं सांगू? एकोणसत्तर वर्षं मी तुला अस्गर म्हणत आले, त्यातलं अर्धं त्याच्यासाठी असायचं. काल त्याचं त्याला देऊन टाकलं.

अस्गर, नाताळला ये. ही हाक सगळी तुलाच आहे.

तुझी,
दाग्नीताई