फोन अण्णांच्या कानाला लाव

अण्णा,

आई सध्या माझ्याकडे आहे, इंग्लंडात, स्लाऊला. व्हिजिटर व्हिसावर आलीय आणि आल्या दिवसापासून किचनचा ताबा घेतलाय. मिसळणाचा डबा डावीकडचा उजवीकडे गेला, आणि डिशवॉशरवर तिचा काडीचा विश्वास नाही, त्यातून निघालेली भांडी ती पुन्हा विसळून घेते. काल सकाळी नवरा ऑफिसला आणि मुलं शाळेत गेल्यावर आम्ही दोघीच होतो. ती टेबलाशी गवार निवडत बसली होती. मान वर न करता म्हणाली, "तू मला अजून माफ केलेलं नाहीस." मी म्हटलं, "कशाबद्दल?" माहीत असून विचारलं. ती म्हणाली, "तुला माहितीय कशाबद्दल." मी म्हटलं, "आई, दूध बघ, उतू जातंय." दूध कसलं उतू जातंय, मी अजून गॅससुद्धा लावला नव्हता. तिनं एकदा माझ्याकडे पाहिलं आणि परत गवारीला लागली. तेव्हापासून माझं कशात लक्ष नाही. तुम्ही गेलात, आणि तुम्ही गेल्याचं मला कळलं, या दोन्हींच्या मध्ये जे दिवस गेले त्यांच्यावरून आमच्यात अजून अबोला आहे. बोलतो आम्ही, रोज बोलतो, भाजी काय करायची ते सगळं बोलतो. पण अबोला आहे.

मी इंग्लंडला शिकायला निघाले तो दिवस तुम्हाला आठवत असेल. सगळ्यांचे बाप एअरपोर्टपर्यंत येतात, माझे आले नाहीत. "ड्यूटी आहे," म्हणालात. खोटं. रजा मागितली असती तर डेपो मॅनेजर नाही म्हणाला नसता. काचेपलीकडून हात हलवत उभं राहणं तुम्हाला झेपणार नव्हतं, हे आज कळतं. तेव्हा मी फुगून बसले होते. आई आणि दादा माझ्याबरोबर मुंबईच्या एसटीत चढले आणि तुम्ही, स्टँडचे कंट्रोलर, केबिनमध्ये जाऊन माइक हातात घेतलात. गावातल्या शेंबड्या पोरालाही तुमचा आवाज ठाऊक होता. याच माइकवरून तुम्ही एकदा माझी भर स्टँडवर शोभा केली होती. अकरावीत असेन, मैत्रिणींच्या घोळक्यात उभी होते, आणि वरून आवाज आला, "कॉलेजच्या मुलींनी तोंडं जरा आवरावीत, गाडी केव्हाची लागलेली आहे, आणि त्यात माझी मुलगीही आहे." पोरांनी मला चिडवून चिडवून नको केलं. त्या रात्री मी जेवायला उठले नाही, तर तुम्ही स्वतः पिठलं केलंत, ताट माझ्यापुढे ठेवलंत आणि म्हणालात, "माइकवर बोलला तो कंट्रोलर होता. हा तुझा बाप आहे. जेव."

मी निघाले त्या दिवशी मात्र तुम्ही ठरलेलं तेवढंच बोललात. मुंबईकडे जाणारी गाडी फलाट क्रमांक दोनवरून सुटत आहे. मग थांबलात, आणि माइक बंद करायचा राहिला. सगळ्या स्टँडनं तुमचं नाक ओढणं ऐकलं. कंडक्टर तिकिटं फाडायचा थांबला आणि म्हणाला, "साहेब रडतायत का काय?" आई म्हणाली, "छे हो, सर्दी झालीय त्यांना." म्हणजे आईची थापा मारायची सुरुवात तिथूनच झाली म्हणायची.

कॉव्हेंट्रीचे पहिले आठवडे मी तुम्हाला फोनवर जे सांगितले ते रडतच सांगितले. हॉलची, म्हणजे होस्टेलची, खोली एवढीशी, आणि किचन सहा जणांत एक. फ्रिजमधला माझा खण सगळ्यात खालचा, त्यात कुणाच्या तरी बेकनचं पाणी गळायचं. बेसिनला दोन नळ, एकात हात भाजायचा आणि दुसऱ्यात बधिर व्हायचा. ज्यानं त्यानं "यू ऑलराइट?" विचारायचं आणि उत्तर ऐकायला थांबायचं नाही. पहिल्या दिवशी मी आपली कॉरिडॉरमध्ये उभी राहून सांगायला लागले की नाही हो, काही ऑलराइट नाहीये, तर विचारणारा मुलगा बिचारा टॉवेल घेऊन तसाच घाबरून बघत राहिला. लेक्चरमधलं अर्धं डोक्यावरून जायचं. रविवारी कॉर्नर शॉपमधून कॉलिंग कार्ड आणायचं, नखानं खरवडायचं, ते लांबलचक नंबर दाबायचे आणि तुमचा "हॅलो" आला की माझं सुरू. "अण्णा, मला परत यायचंय."

तुम्ही कधी नाही म्हणाला नाहीत. "ये की," म्हणायचात, "स्टँड आपलाच आहे." आणि पुढे, "पण आधी एक काम कर. तिथली एखादी बस पकड, शेवटच्या स्टॉपपर्यंत जा, काय दिसतं ते पुढच्या रविवारी मला सांग. मग ठरवू." मी मुकाट्यानं जायचे. वरच्या मजल्यावर अगदी पुढच्या सीटवर बसायचे, झाडांच्या फांद्या काचेवर आपटायच्या. पुढच्या रविवारी सांगितलं, "अण्णा, इथं उतरताना प्रत्येक माणूस ड्रायव्हरला थँक्यू म्हणतो. म्हाताऱ्या बायकासुद्धा." तुम्ही म्हणालात, "काय सांगतेस! आमच्या ड्रायव्हरला कुणी म्हटलं तर तो वळून बघेल, हा येडा कोण." आणि हसलात. ते तुमचं हसणं, खोकल्यात जाऊन संपणारं. मग म्हणालात, "चार दिवस कळ काढ पोरी. आल्यापावली परत फिरलीस ना, तर जन्मभर तुला वाटेल की आपल्याला जमलं नाही." आपलं शेवटचं बोलणं ते. असं काही शेवटचं आहे असं वाटलंच नव्हतं. कार्ड संपलं आणि रेकॉर्डिंगमधली ती बाई मध्येच इंग्रजीत बोलायला लागली, इतकंच.

पुढच्या रविवारी फोन दादानं उचलला. "अण्णांचा घसा बसलाय," तो म्हणाला. मी हसले हो, अण्णा! म्हटलं, "बसणारच, जन्मभर बोंबलले." दादा म्हणाला, "डॉक्टरांनी सांगितलंय, काही दिवस एक शब्द बोलायचा नाही." मी म्हटलं, "बोलू नका म्हणावं, ऐकायला काय झालंय? फोन अण्णांच्या कानाला लाव." मग दादा म्हणाला, "थांब." काहीतरी खुडबूड झाली, खुर्ची सरकली, आणि फोनवर श्वास ऐकू आला. मी बोलायला लागले. जमतंय म्हणाले. पहिली असाइनमेंट दिली म्हणाले. लायब्ररीत खिडकीजवळची जागा रोज धरते म्हणाले. तुम्ही घरी नव्हतातच. भरदुपारी डबा खाऊन केबिनबाहेर हात धुताना तुम्ही खाली बसलात ते पुन्हा उठला नाहीत, याला तेव्हा आठवडाही झाला नव्हता. घरात बिछायत घातलेली, भिंतीशी माणसं बसलेली, आणि त्या माणसांच्या मध्ये आई फोन कानाला लावून माझी असाइनमेंट ऐकत होती.

त्याच्या पुढच्या रविवारीही तेच. त्या वेळी मी तुम्हाला फायर अलार्मची गंमत सांगितली. हिरव्या मिरचीची फोडणी दिली आणि सगळा हॉल ठणाणा करत बाहेर आला, कुणी पायजम्यात, कुणी डोक्याला साबण लावलेला, आणि फायर ब्रिगेडचा तो धिप्पाड माणूस माझ्या कढईत डोकावून विचारतो, लव्ह, व्हॉट्स इन धिस? मी अगदी रंगवून सांगितलं. मग दिवाळी आली. कॉव्हेंट्रीतल्या काकूंनी मला फराळाला बोलावलं. तुमच्या हेडक्लार्कची मामेबहीण, तुम्हीच नंबर दिला होता, "परक्या मुलखात एक तरी आपलं घर असावं" म्हणून. मी पिवळा रेशमी ड्रेस घातला, त्यांच्या दारात पणत्या लावल्या, दोन करंज्या खाल्ल्या. काकूंच्या घरून आईला फोन लावला, विचारलं, "अनारसे जमले का?" आई म्हणाली, "जमले की. छान जाळी पडली." घरात तुमचे दिवस नुकते झालेले, कसली दिवाळी न् कसले अनारसे. शेजारणींनी आणून दिलेलं ताट तसंच झाकलेलं पडलं होतं, हे मला दादानं पुढे सांगितलं. आई मला जाळी पडल्याचं सांगत होती. काय बाई आहे ही! निघताना काकूंनी मला जवळ घेतलं ते सोडेचनात. त्यांना सगळं माहीत होतं. ही जरा रुळली की तुम्हीच समोर बसवून सांगा, असं दादानं त्यांच्यावर सोपवलं होतं.

त्यांनी सांगितलं ते दिवाळीनंतर काही आठवड्यांनी, एका शनिवारी दुपारी. काका गाडी घेऊन मला न्यायला आले. एरवी अख्ख्या रस्ताभर कौन्सिलला शिव्या घालणारा माणूस, त्या दिवशी एक अक्षर बोलला नाही. काकूंनी आधी पान वाढलं. नुसता वरणभात. "आधी पोटभर जेव," म्हणाल्या, आणि मी शेवटचा घास घेईपर्यंत समोर बसून राहिल्या. आपल्याकडे अशी बातमी उपाशीपोटी सांगत नाहीत, नंतर माणसाच्या घशाखाली काही उतरत नाही म्हणून. मी हात धुऊन आले तर त्यांनी माझे ओले हात आपल्या हातांत धरले आणि म्हणाल्या, "बाळा, अण्णा आता नाहीत." मी ओरडले. मला का नाही सांगितलं, मला का नाही सांगितलं, हेच ओरडत राहिले, शेजारचे इंग्लिश म्हातारे फेन्सवरून डोकावून गेले. मग सुतकाचं निघालं. काका म्हणाले तीन दिवस, काकू म्हणाल्या इतक्या उशिरा कळलं तर नुसती डोक्यावरून अंघोळ. शेवटी त्यांनी मला बाथरूममध्ये नेलं. तिथं तांब्या-बादली नाही, म्हणून किचनमधलं मेझरिंग जग आणलं, मी कपड्यांसकट टबात बसले आणि त्यांनी माझ्या डोक्यावर पाणी ओतलं. दादाला मुंडण मिळालं, अग्नी देणं मिळालं, अस्थी घेऊन नदीवर जाणं मिळालं. माझ्या वाट्याला तुमच्यासाठी एक अंघोळ आली.

मी परत गेले ती कोर्स संपवूनच. दार आईनं उघडलं, मोकळ्या कपाळानं, आणि मी चप्पल काढायच्या आधी भांडायला लागले. ती म्हणाली, "तूच तर दर रविवारी म्हणायचीस, परत येते. सांगितलं असतं तर आली असतीस, आणि मग गेली नसतीस. त्यांनी काय म्हटलं असतं मला?" मी म्हटलं, "मला बापाचं तोंड बघू दिलं नाहीस तू." हे वाक्य मी तिला किती वेळा ऐकवलं असेल! माझ्या लग्नात ऐकवलं, बाळंतपणाला आली तेव्हा ऐकवलं. ती कधी उलटून बोलली नाही. कालही गवार निवडून झाल्यावर, भांडं उचलता उचलता म्हणाली, "फोन मीच धरला होता ते चुकलंच माझं. तू बापाशी बोलत होतीस आणि मी चोरून ऐकलं."

आता तुम्हाला जे सांगायचंय ते सांगते. हे मी नवऱ्याला सांगितलेलं नाही, दादाला नाही, कुणालाच नाही. फायर अलार्मची गंमत सांगून मी थांबले होते, तुम्ही हसाल म्हणून. घसा बसलेला माणूस बोलत नाही, पण हसतो तर खरा, निदान खोकतो. पलीकडे काहीच आलं नाही. मग एक हुंदका आला, दाबलेला, आणि तो आईचा होता. लहानपणापासून तिला चिकटून झोपलेली मी, मला कळणार नाही? मला त्या क्षणी कळलं, अण्णा. घसा नाही, डॉक्टर नाहीत, काही नाही, सगळं कळलं. आणि मी काय म्हणाले? "बरं अण्णा, ठेवते हं, काळजी घ्या." फोन ठेवून भाजी आणायला गेले. विचारलं असतं तर तुम्ही त्याच दिवशी गेला असतात. त्या दिवाळीत पिवळा ड्रेस घालून अनारशांचं विचारणारी मी, मला माहीत होतं. त्यानंतरच्या रविवारीही मी फोन लावला आणि म्हटलं, "आई, फोन अण्णांच्या कानाला लाव." आईनं लावला. मी बोलले, तिनं ऐकलं, आणि दोघींपैकी कुणीच कुणाला पकडलं नाही.

इतकी वर्षं तिला वाटतंय की तिनं एकटीनं मला फसवलं. तिला एकदा सांगितलं की सुटेल बिचारी. पण सांगितलं तर तुम्हाला फोनवर जिवंत ठेवण्यात तिच्याबरोबर मीही होते हे बोलावं लागेल, आणि मग तुम्ही गेलात हे मला तेव्हाच माहीत होतं, हे तिच्यासमोर पहिल्यांदा मान्य करावं लागेल. मगाशी तिनं खालून विचारलं, "काय लिहितेस एवढं?" मी म्हटलं, "काही नाही, ऑफिसचं."