छापील ओळ

सोमवार, ९ मार्च

चिमे,

अनेक आशीर्वाद. मी बरी आहे. तू कशी आहेस हे विचारायला मला तोंड नाही, तरी विचारते. आईचा गुडघा ठीक. माझा नळ अजून गळतोच, आणि तुझे भावोजी अजून "उद्या बघतो"च म्हणतात.

काल आई म्हणाली, तू कपडे दोरीवर घालायचं सोडलंस. ओलेच खुर्च्यांवर पसरतेस. दोरीकडे हात गेला की रडू फुटतं म्हणे. "हात वर केलेस म्हणून बाळाला नाळेचा वेढा बसला," असं आई त्या दिवशी तुला बोलली, तेव्हा मी शेजारीच सफरचंद कापत होते. दवाखान्यात रोज दहा बायांना मी ठणकावून सांगते, "अहो, असं काही नसतं!" तुला नाही सांगितलं. सफरचंद कापत राहिले.

पाचव्या महिन्यातली तुझी सोनोग्राफी मीच केली. तू टेबलावर पडून भावोजींच्या घोरण्याची नक्कल करत होतीस, मी हसून हसून बेजार. नाळेत तीन रक्तवाहिन्या असतात, त्या मोजायच्या असतात. आमच्या रिपोर्टात "तीन" ही ओळ आधीच छापलेली असते. कमी दिसल्या तरच खोडायची. मी मोजल्याच नाहीत गं. खाली सही ठोकून दिली.

दोनच होत्या. बाळ गेल्यावर नाळ तपासायला दिली, तो कागद आणायला तू मलाच पाठवलंस. "विशेष काही नाही त्यात," म्हणाले मी. खोटं बोलले. कागद सोबत जोडलाय. वेढा वगैरे नव्हता, तेही त्यात लिहिलंय.

दोन असूनही पुष्कळ बाळं सुखरूप जन्मतात. पण मी मोजल्या असत्या, तर तुला पुन्हा पुन्हा तपासायला बोलावलं असतं. बाळाची वाढ खुंटलेली वेळीच दिसली असती. वाचलंच असतं असं नाही म्हणत. पण वेळ मिळाला असता. तो मी घालवला.

आमच्या मोठ्या डॉक्टरीणबाईंना सकाळीच सगळं सांगितलं. आईला हे पत्र तूच दाखव. मी गेले तर रडून वेळ मारून नेईन, माझा मला भरवसा नाही.

मला शिव्या दे, तोंड बघू नकोस, सगळं कबूल. पण तुझ्या हातून काहीही चुकलेलं नाही, चिमे. काहीही नाही.

ताई म्हणवत नसेल तर नको म्हणूस. फक्त त्याची मी कोणीतरी होते, एवढं राहू दे.

बाळाची मावशी