आण्णांसाठी एक बाटली

शुक्र., ५ डिसें., सांगली

कॉफीची बिअर जमली! माझी, पहिली, स्वतःची. सकाळी टाकीची तोटी सोडून ग्लासभर घेतली. आधी कॉफीचा वास, मग कडवटपणा, आणि घोट गिळल्यावर गूळ. सांगलीचाच, दुसरा कुठला! ब्रुअरीच्या मालकांनी दोन घोट घेऊन ग्लास पुढे केला. मग म्हणाले, "आणखी ओता." टाकीभोवती गिरकी मारली. बघेना का कोणी.

आण्णांनी गावभर केलंय, पोरगी औषधाच्या कंपनीत. आईलाही तेच. स्वतःला खरं कळल्यापासून माझ्या कामाबद्दल एक शब्द विचारलेला नाही त्यांनी. फार लागतं ते. उद्या घरी उंब्रजला बाटली नेणार. चाखली तर जिंकले. नाही चाखली तर... बघू.

शनि., ६ डिसें.

एसटीत बाटली स्वेटरात गुंडाळून मांडीवर. इस्लामपूरला चढलेल्या मावशी शेजारी बसल्या. "किती म्हयन्याचं हाय?"

घरी येऊन आंघोळीला गेले, तेवढ्यात घात. बाटलीला लेबल नव्हतं. आईने झाकण उघडून वास घेतला. कॉफी! दूध-साखर घालून थेट गॅसवर. बाहेर येते तर पातेल्यात सगळं फाटलेलं.

"आगं, नासली की तुझी कॉफी! किती दिसाची हाय?"

सांगावंच लागलं. बिअर, कंपनी, सगळं. आई कमरेवर हात ठेवून ऐकत होती. "आन् ह्येनी मला औषध म्हनून सांगितलं व्हय?" मग पदर तोंडाला लावून जी हसायला लागली! मीही. पोट दुखेपर्यंत.

बाटलीत ग्लासभर उरलीय.

रवि., ७ डिसें.

आण्णा फौजेतले. रविवारी कँटीनची रम, तीही माझ्याकडे पाठ करून. आज रमच्या आधी मी माझ्या उरलेल्या बिअरचा ग्लास समोर ठेवला आणि आत निघाले.

"थांब."

बोट बुडवून जमिनीवर थेंब शिंपडले, रमचे शिंपडतात तसे, गेलेल्या सोबत्यांच्या नावाने. म्हणजे पिणार! घोट घेतला. तोंड वाकडं. परत घोट.

"गॅस गेलाय."

"आईनं झाकण उघडलं."

"ह्ये तू केलंस? एकटीनं?"

"व्हय."

"लय कडू हाय." म्हणत म्हणत ग्लास संपवला. पाठ केली नाही. समोर बसून प्यायले. आनंदाच्या भरात रात्रीची सगळी भांडी मी घासली, आई बघतच राहिली.

सोम., ८ डिसें., परतताना

आण्णा गाडीवरून हायवेपर्यंत सोडायला आले. स्टॉपवर शेजारचे तात्या. "काय पोरी, औषधाची कंपनी काय म्हनती?"

मी आण्णांकडे बघितलं. आण्णांनी घसा खाकरला. "तात्या, आता खरं सांगू का तुला..."

एसटी आली. कंडक्टर ओरडला, चढावं लागलं. खिडकीतून बघितलं तर आण्णा दोन्ही हात पसरून टाकीएवढा गोल दाखवतायत, आणि तात्यांचा आ वासलेला.

काय सांगितलं कोण जाणे. फोन करून विचारणार नाही. उंब्रजच आहे, संध्याकाळपर्यंत मला सांगलीत कळेल.